पाहुण्याचं अंथरूण

दिल्लीतल्या मुनिरकात मराठी माणसाचं घर असलं की एक फोन ठरलेला. 'एम्सला नंबर लागलाय, चार दिवस यावं म्हणतोय.' कधी नगरहून, कधी लातूरहून, कधी पार गडचिरोलीहून. इथून एम्स सोयीचं पडतं. मेट्रोत बसलं की आर. के. पुरम, आयआयटी, हौज खास. तिथं गाडी बदलून ग्रीन पार्क, आणि पुढचं स्टेशन एम्सचं. सफदरजंग हॉस्पिटल त्याच्या समोरच. वसंत कुंजात मणक्याच्या दुखापतींचं मोठं केंद्र आहे, तेही लांब नाही. जेएनयूत शिकणारी आपली पोरं मुनिरका गावातल्या अरुंद गल्ल्यांत एकेक खोली घेऊन राहतात, आणि त्या खोलीतही कधी कुणाची आजी, कुणाचे वडील येऊन पथारी टाकतात.

या पाहुण्यांबरोबर फायली येतात, एक्स-रेची मोठाली पाकिटं येतात, चिवड्याचा डबा येतो. आणि बऱ्याच जणांबरोबर एक गोष्ट येते, जी फोनवर कुणी सांगितलेली नसते. लघवी आवरत नाही. कुणाला खोकला आला की सुटते. कुणाला कळ आली की संडास गाठेपर्यंत दम धरवत नाही. कुणाला झोपेत कळतच नाही, पहाटे अंथरूण ओलं लागतं तेव्हा कळतं. काहींचं शौचाचंही तसंच. हे सगळे बोलाचालायला चांगले, देवाधर्माचे, घरात मान असलेले लोक असतात, आणि या एका गोष्टीपायी ते लग्नाला जात नाहीत, लेकीकडे राहत नाहीत, देवदर्शनाच्या बसमध्ये चढत नाहीत. दिल्लीला येतात ते दुखणं अगदी असह्य झालं म्हणून.

अशा पाहुण्याला काही मागावं लागू नये, हे मला आज सांगायचं आहे. तो मागणार नाहीच. मागायची वेळ त्याच्यावर येणार नाही हे घरानं बघायचं.

माझ्या यजमानांच्या आत्याबाई नगरहून गोवा एक्सप्रेसनं निघाल्या, त्या हजरत निजामुद्दीनला उतरेपर्यंत गोळी गिळण्यापुरतं पाणी प्यायल्या होत्या. ओठ सुकलेले, डोकं धरलेलं. घरी आल्यावर चहा पुढं केला तर म्हणाल्या, 'नको गं, मला चहा सोसत नाही.' नगरच्या घरी याच आत्याबाईंना मी चहा मागून घेताना पाहिलेलं आहे.

पाणी तोडणं हा या माणसांचा पहिला उपाय असतो आणि तो उलटतो. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी मूत्राशयाला झोंबते आणि कळ उलट घाईघाईनं येते. पोट साफ होत नाही; मळानं भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं. जंतुसंसर्गालाही तेवढंच निमित्त पुरतं. म्हातारपणी तहान मुळात कमी लागते, त्यात असा कडक नेम. म्हणून माझ्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्या देतानाच संडासाचं दार दाखवायची रीत आहे. 'हे पाणी, आणि हे इथं डाव्या हाताला बाथरूम, दिवा बाहेरच्या बटणावर.' एका दमात दोन्ही सांगितलं की ऐकणाऱ्याला पाणी प्यायचा धीर येतो.

फोनवर काय बोलावं? विचारू नये असं मला वाटतं. 'तुम्हाला काही त्रास आहे का' असं विचारलं की 'नाही, छे' हेच उत्तर येणार, आणि एकदा नाही म्हटलेलं माणूस पुढं लपवत राहणार. आपण काय केलंय ते सांगावं. 'आत्याबाई, तुमचं अंथरूण बाथरूमच्या जवळच्या खोलीत घालते. रात्री उठावं लागतंच ना सगळ्यांना. आणि गादीवर मेणकापड आहे, ते आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांनाच असतं.' त्या 'बरं' म्हणाल्या आणि गाडीच्या वेळेकडे वळल्या. तेवढं पुरे. पण हे वाक्य खरं असायला हवं. मेणकापड खरोखरच सगळ्यांच्या गादीवर घालावं, तरण्याताठ्या भाच्याच्याही. एकट्यासाठी घातलेलं मेणकापड हे बोट दाखवणं होतं.

सगळेच गप्प असतात असंही नाही. कण्याला मार बसलेले तरुण या बाबतीत फार मोकळे असतात. दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं हा त्यांचा रोजचा क्रम. ते सरळ विचारतात, दार किती रुंद आहे, खुर्ची आत वळते का, हात धुवायला साबण कुठं. त्यांच्यापुढं आपण कुजबुजत बोललो तर तो त्यांचा अपमान. डीडीएच्या बिनलिफ्टच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर चाकाची खुर्ची कशी चढणार, हे आधीच स्पष्ट सांगावं. ज्याला जसं बोलणं रुचतं तसं बोलावं, एवढी नजर यजमानाला हवी.

आता अंथरुणाचं. दिल्लीच्या हिवाळ्यात या दुखण्याला दुप्पट जोर येतो. थंडीनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला जमतं आणि मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकू लागतात. ज्यांच्या पायांना दिवसभर सूज असते त्यांच्या पायांतलं पाणी रात्री आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं, तेही रात्रीच लघवीवाटे जायला बघतं. त्यावर एक साधा तोडगा म्हणजे दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडायला लावणं. सुजेचं ते पाणी मग झोपायच्या आधीच निघून जातं. सूज मात्र डॉक्टरांना दाखवलेली असावी. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळची आहे की संध्याकाळची, हेही डॉक्टरांनाच विचारून ठरवावं. वेळ बदलल्यानं काही जणांची रात्रीची झोप परत मिळते.

आणि रजई. आपल्याकडची गोधडी धुता येते, उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळते. इथली कापसाची रजई धुता येत नाही, तिची खोळ धुतात. कापूस भिजला तर उसवून पिंजून पुन्हा भरून घ्यावा लागतो, आणि जानेवारीत धुक्यातून ऊन बाहेर पडेल तेव्हा. पाहुण्याला हे ठाऊक असतं. रात्री कुडकुडत चादरीवर निजलेली एक म्हातारी मी पाहिली आहे, पायथ्याशी घडी केलेली रजई तशीच ठेवून. रजई खराब होईल या धास्तीनं तिनं ती अंगावर घेतलीच नव्हती. तेव्हापासून पाहुण्यांना मशीनमध्ये धुता येणारी ब्लँकेटं देते, एकावर एक दोन, आणि देताना मुद्दाम म्हणते, 'ही मशीनमध्ये जातात हं.'

मेणकापड उघडं ठेवू नये. ते कुरकुरतं, पाठीला घाम आणतं. त्यावर जुन्या सुती लुगड्याची चौघडी घालावी. आमच्या आईकडच्या लुगड्यांनी किती वर्षं काढली आणि आता ती या कामाला आली आहेत. यांच्याइतकं शोषून घेणारं आणि भरभर वाळणारं कापड बाजारात मिळत नाही. उशाशी दुसरी चौघडी घडी करून ठेवावी म्हणजे मध्यरात्री कुणाला हाक मारावी लागत नाही. खोलीपासून संडासापर्यंत मंद दिवा, वाटेत पायपुसणं नको कारण त्यावरून घसरायला होतं. पुरुष पाहुणा असेल तर पलंगाखाली युरिनलची बाटली. मुनिरकात जलबोर्डाचं पाणी ठरल्या वेळीच येतं, टाकी कधी रात्री संपलेली असते. म्हणून निजण्याआधी एक बादली भरून ठेवायची, मग्यासकट. मध्यरात्री नळ कोरडा लागला तर त्या माणसानं काय करायचं?

बाथरूममध्ये झाकणाची कचरापेटी हवी, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि काही पिशव्या. बायकांच्या वापरातल्या बाथरूममध्ये ती बहुधा असते. पुरुषांचं कुणाच्या लक्षात येत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही महिने पॅड लावून वावरणारे किती तरी काका वापरलेलं पॅड खिशात घालून घरी नेतात. जपानमध्ये अलीकडे अनेक शहरांनी पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत अशा झाकणाच्या पेट्या ठेवायला सुरुवात केली, तीही कर्करोगातून बऱ्या झालेल्या पुरुषांनी बोलून दाखवल्यावर. घरात ठेवायला कुणाच्या बोलण्याची वाट बघायला नको.

अपघात होतो त्या सकाळी घराची खरी परीक्षा. आत्याबाई आल्या त्याच्या दुसऱ्या पहाटे बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आला. दार लोटलेलं. त्या पाटावर बसून बर्फासारख्या पाण्यात चादर चोळत होत्या, बोटं लाल झालेली. मी बाहेरूनच गिझरचं बटण दाबलं आणि म्हटलं, 'आत्याबाई, बादलीत भिजू द्या, मशीन लावतेच आहे आता, पोरांचे शाळेचे कपडे आहेत.' त्या म्हणाल्या, 'तुमच्या कपड्यांत नको गं.' मी म्हटलं, 'बरं, मग तुमची चादर आधी लावू, पोरांचे नंतर.' त्यावर त्यांनी हात थांबवले. चादर धुऊन निघाल्यावर बाल्कनीत वाळत घालायला त्या स्वतःच गेल्या आणि मी जाऊ दिलं.

'त्यात काय एवढं' हे शब्द अशा वेळी मी तोंडावर येऊ देत नाही. आपल्या लेखी काही नसेल, त्यांच्या लेखी फार असतं, आणि ते आपण एका वाक्यात खोडून टाकायचं हे बरोबर नाही. त्यांच्या हातून काम हिसकावून घेणंही बरोबर नाही. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची दुपटी धुतली त्यांना स्वतःची चादर वाळत घालू द्यावी. आपण गरम पाणी आणि बसायला पाट द्यावा. आणि उदबत्ती लावू नये. कुणाचं अंथरूण ओलं झाल्यावर पाच मिनिटांत घरात उदबत्ती दरवळली तर ती सगळ्या घराला ओरडून सांगते. खिडकी उघडावी. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात तेव्हा तो उग्र वास सुटतो. म्हणजे वेळेवर साध्या गार पाण्यात बुचकळलं की निम्मं काम झालं, मग साबण, मग ऊन.

देवघराचा प्रश्न मला सगळ्यांत नाजूक वाटतो. अशा बायका देवापुढं येत नाहीत. दारातूनच हात जोडतात, आरतीला मागं उभ्या राहतात, स्वयंपाकघरात पाय ठेवत नाहीत. स्वतःवरच विटाळ लादून घेतात. आपण कितीही समजावलं तरी जन्माचं सोवळं एका दिवसात सुटत नाही. इस्लामी धर्मशास्त्रानं याचा सरळ विचार केलेला आहे: ज्याला लघवी आवरत नाही त्याला माज़ूर, म्हणजे सूट असलेला, मानतात, त्यानं नमाजाच्या वेळी वजू करावा आणि नमाज पढावा, मध्ये थेंब गेला तरी नमाज मोडत नाही. आपल्याकडे असं कुणी मोठ्यानं सांगत नाही. म्हणून मी सकाळी फुलांची परडी आत्याबाईंच्या हातात दिली आणि 'माझे हात कणकेचे आहेत, तेवढी देवाला वाहा' म्हटलं. त्या घुटमळल्या, मग हात धुऊन आल्या आणि वाहिली.

मुलांना सांगून ठेवावं, मोघम नको. 'आजींना लघवी धरवत नाही, म्हणून बाथरूम आधी त्यांना द्यायचं, दार वाजवायचं नाही.' ज्यानं दोन वर्षांपूर्वीपर्यंत गादी ओली केली आहे त्या पोराला हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

डायपर आणायला बाबा गंगनाथ मार्गावरच्या बाजारात गेलं की दुकानदार भर गर्दीत विचारतो, 'बच्चे का या बड़े का?' मी तितक्याच आवाजात 'बड़े का' सांगते. पँटसारखा चढवायचा हवा की चिकटपट्टीचा, हे पाहुण्याच्या चालण्या-फिरण्यावर ठरतं; हिंडतंफिरतं माणूस असेल तर पँटसारखा बरा. माप कमरेचं आणि नितंबाचं घ्यावं. सैल झाला तर मांडीतून गळतो. नऊवारीवाल्या बायकांची मात्र पंचाईत होते, एरवी काष्टा नुसता सरकवून भागतं, आतून हा चढवला की सगळं सोडून पुन्हा नेसावं लागतं. त्यांना रात्रीपुरता गाऊन द्यावा. सलवारीच्या आणि पायजम्याच्या नाडीची गाठ घाईत सुटत नाही, तिथं इलॅस्टिक घालून द्यावं. ओला डायपर फार वेळ अंगावर राहिला तर कातडी सोलवटते. साध्या पाण्यानं धुऊन, टिपून, पातळसं व्हॅसलीन लावलं की पुरतं. डायपर स्वस्त नाहीत, आणि रोजचे तीन-चार लागतात. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला. डायपरवर १२ टक्के चालूच राहिला, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. मजुरी करणाऱ्या घराला तेही जड आहे, तिथं चौघड्याच.

वापरलेला डायपर संडासात टाकायचा नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही तो नीट गुंडाळूनच द्यावा असं म्हटलं होतं. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतल्या कचरावेचक बायकांनी पुड्यावर लाल ठिपका काढायची विनंती घरोघर केली, हाताळणाऱ्याला न उघडता कळावं म्हणून. मुनिरकात तसा आग्रह कुणी धरलेला नाही, पण मी ठिपका काढते आणि कचरा नेणाऱ्या भैयाला त्याचा अर्थ सांगून ठेवलाय. त्याच्या हातांचाही विचार पाहुणचारात यायला हवा.

आणि डॉक्टर. आत्याबाई गुडघ्यांसाठी आल्या होत्या. लघवीचं त्या डॉक्टरांना सांगणारच नव्हत्या, कारण ओपीडीत त्यांच्या बाजूला दुभाषा म्हणून भाचा उभा राहणार होता. डॉक्टर हिंदीतून विचारणार, आत्याबाई नगरी बोलणार, आणि मधला पुरुष ते हिंदीत सांगणार. कोणती बाई भाच्याच्या तोंडून हे सांगवून घेईल? मी आदल्या रात्री विचारलं, 'उद्या मी येते बरोबर. लघवीचंही सांगू का डॉक्टरांना?' बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'धाकटा झाला तेव्हापासून आहे.' धाकटा आता नातवंडांचा आजोबा आहे.

हे गप्प राहणं एकट्या आत्याबाईंचं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, त्याचा निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्या बायकांपैकी अनेक आज आज्या असतील. खोकल्याबरोबर सुटणारी लघवी पुष्कळदा बाळंतपणात ढिल्या पडलेल्या स्नायूंमुळे असते, त्यासाठी आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्येच व्यायाम मांडला: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच मोकळ्या वेळी आवळायचे आणि सोडायचे, रोज, काही महिने. बसल्या जागी, लुगडं नेसून, कुणाला न कळता करता येतो. अंग बाहेर येत असेल तर त्याला आधार देणारी रिंग आहे, ऑपरेशन आहे. घाईच्या कळेवर औषधं आहेत. एकाएकी सुरू झालं असेल तर जंतुसंसर्ग किंवा साखर बघायला हवी. 'वयानुसार चालायचंच' हे उत्तर ऐकून परत फिरायचं नाही.

आत्याबाईंना तपासलं, व्यायाम शिकवला. जाताना त्यांनी उरलेला डायपरचा पुडा पिशवीत भरायला घेतला. मी म्हटलं, 'तो इथंच राहू दे, कपाटात, तुमच्या नावानं. दिवाळीनंतर गुडघ्यांसाठी पुन्हा यायचंच आहे.' त्यांनी तो परत माझ्या हातात दिला आणि 'थंडीच्या आत बोलाव' म्हणाल्या. मधल्या काळात वरच्या मजल्यावरच्या घरी गोरखपूरहून वडील आले. रात्री अकराला सून खाली आली, दुकानं बंद झालेली, कसं विचारावं ते तिला सुचत नव्हतं. मी पुडा काढून दिला आणि कोणतं टोक पुढं ते दाखवलं. मेणकापडही वर गेलंय, अजून तिथंच आहे.